पोचल्याचं कळवा

हल्ली कुणाला निरोप पाठवला की फोनवर आधी एक बारीक खूण उमटते, मग शेजारी दुसरी. पहिली म्हणजे निरोप निघाला, दुसरी म्हणजे पोचला. माझी मुलगी त्या दुसऱ्या खुणेकडे बघतसुद्धा नाही. ती तिथे असायचीच, असं तिच्या पिढीनं धरूनच ठेवलेलं आहे. मी मात्र ती उमटेपर्यंत फोन खाली ठेवत नाही, आणि उमटली की बरं वाटायच्या ऐवजी मला चीड येते. ही दुसरी खूण सुरतेत, नव्वदीच्या दशकात, आमच्या ऑफिसात एका बाईनं मागितली होती. भर मीटिंगमध्ये, टेबलावर हात आपटून मागितली होती. तेव्हा सगळे हसले होते. त्या हसणाऱ्यांपैकी बरेच जण आज हीच खूण बघून निवांत होत असतील.

त्या बाई म्हणजे निर्मला बोरसे. आम्ही दोन-तीन मराठी मुली त्यांना बाई म्हणायचो, बाकीचं ऑफिस निर्मलाबेन म्हणायचं. ठेंगणा, भरलेला बांधा, सुती साडी, पदर खांद्यावर पक्का टाचलेला आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. मनगटावर पुरुषी घड्याळ. पर्स उघडली की आधी स्क्रूड्रायव्हर निघे, मग फुटाण्यांची पुडी, मग रुमालात गुंडाळलेले तीन पेजर. धुळ्याकडे रेडिओचा डिप्लोमा केलेली ही बाई आमच्या कंपनीची अख्ख्या सुरतेची ट्रान्समीटर इंजिनीयर होती. त्यांच्या पगाराच्या पत्रावर मात्र ‘असिस्टंट’ असं लिहिलेलं असे, कारण इंजिनीयर म्हणून बाई दाखवायची तर अमदावादच्या मुख्य ऑफिसातल्या साहेबांना कसंसंच वाटायचं.

ते पेजरचे दिवस होते. ज्यांनी पेजर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी डबी, कमरेला लावायची. तुम्हाला कुणाला निरोप द्यायचा असेल तर आमच्या ऑफिसात फोन करायचा. मी किंवा माझ्यासारखी दुसरी मुलगी तो निरोप टाइप करणार, गच्चीवरचा ट्रान्समीटर तो हवेत सोडणार आणि त्या माणसाच्या डबीवर तो टीटी करत उमटणार. डबीला फक्त ऐकू यायचं, बोलता यायचं नाही. निरोप मिळाला की नाही हे ती उलट सांगू शकत नव्हती. कापड मार्केटचे दलाल, कतारगामचे हिऱ्याचे कारखानदार, डॉक्टर, बिल्डर, सगळ्यांच्या कमरेला ती डबी होती आणि ज्याच्या कमरेला नव्हती त्याला ती हवी होती.

निरोप घेऊन झाला की आम्ही फोनवर एक वाक्य म्हणायचं, असं आम्हाला घोकून घेतलं होतं. “आपनो मेसेज मोकलाई गयो छे.” तुमचा निरोप गेला आहे. बाईंनी पहिल्याच आठवड्यात माझ्या मागे उभं राहून हे वाक्य ऐकलं आणि माझा हेडफोन काढून घेतला.

“कशावरून गेला?”

“बाई, स्क्रीनवर येतं ना तसं.”

“स्क्रीनवर तू टाइप केलेलं येतं. तो निरोप त्या माणसाला मिळाला का?”

“ते कसं कळणार?”

“मग नाही कळत म्हणून सांग की. ‘निरोप सोडलाय, उत्तर आलं नाही तर पुन्हा फोन करा’ असं सांग. माणूस पुन्हा करेल फोन. काय बिघडतं?”

मी तसं सांगायला लागले. दोन दिवसांत आमच्या मॅनेजरनं, मेहतासाहेबांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. गिऱ्हाइकाच्या मनात शंका कशाला घालता, असं म्हणाले. बाईंनाही बोलावलं. मेहतासाहेब माणूस गोडबोल्या. अंगठ्या भरलेल्या बोटांनी पेपरवेट फिरवत म्हणाले, “निर्मलाबेन, टपाली टपाल नाखीने जाय. वांची के नइ, ए पूछवा बेसे छे?” पोस्टमन टपाल टाकून जातो, वाचलं का ते विचारत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

“तो निदान पत्र्याच्या पेटीत टाकतो, साहेब. आपण हवेत टाकतो.”

साहेब हसले. मला परत जुनं वाक्य म्हणायला लावलं आणि मी ते म्हणत राहिले. बाईंनी त्यानंतर मला कधी बोल लावला नाही. त्यांचा राग खाली कधी उतरायचा नाही, नेहमी वर चढायचा.

पोचलं का, हे विचारणं त्यांच्या हाडात होतं. त्यांचे वडील अमळनेरकडून सुरतेला मागावर कामाला आले, तेव्हापासून घरात एक पद्धत होती. गावाकडे निघालेल्या माणसाचं पोचल्याचं कार्ड येईपर्यंत आई घरात गोड करायची नाही. सण आला तरी नाही. बाईंनी ही पद्धत ऑफिसात आणली होती. कुणाला डबा पाठवला, पोचला का? शिपाई बँकेत गेला, पोचला का? मी संध्याकाळी घरी गेले की शेजारच्यांच्या फोनवर त्यांचा फोन, “पोचलीस ना?” आईला सुरुवातीला तो पाळतीचा प्रकार वाटला. नंतर तीच मला विचारायला लागली, बाईंचा फोन आला नाही का गं अजून?

रविवारी लोक डुमसला भजी खायला जात. बाई रिक्षा करून पेजर ऐकत फिरत. मार्केटच्या तळघरात, कतारगामच्या कारखान्यात जिथे घंटीवर, म्हणजे घासायच्या चाकावर, वाकून माणसं हिरे घासतात तिथे, नवागामच्या पत्र्याच्या चाळींत. मी ड्यूटीवर असेन तर आधी सांगून ठेवायच्या, थोड्या थोड्या वेळानं माझ्या तिन्ही पेजरवर काहीही टाक. मी ‘भूक लागली’, ‘बाई घरी जा’ असलं काहीतरी टाकायची. सोमवारी त्या येऊन सांगत. जिन्यात आलं, खोलीत नाही. खिडकीत आलं, चुलीपाशी नाही. एकदा एका घरात त्यांनी पेजर पिठाच्या डब्यात घालून बघितला होता आणि त्या घरच्या बाईनं यांना करणी करणारी समजून बाहेर काढलं होतं. हे सांगताना बाई इतक्या हसल्या की फुटाणा घशात अडकला.

त्या फिरण्यातूनच त्यांनी एक गोष्ट काढली होती. आमचा मोठा ट्रान्समीटर रिंगरोडच्या एका उंच इमारतीवर होता आणि तो फार मोठ्या ताकदीनं चालवला जायचा. वीज गेली की खालचं जनरेटर डिझेल प्यायचं आणि साहेब कळवळायचे. तरीही नवागाम, डिंडोलीकडे पत्र्याखाली निरोप पोचत नव्हते. बाईंचं म्हणणं, एका गच्चीवरून गावभर बोंबलता कशाला? त्याची ताकद कमी करा आणि उधना बाजूला एक लहान ट्रान्समीटर बसवा. दोघं मिळून आताच्यापेक्षा कमी वीज खातील आणि निरोप सगळीकडे जाईल. “लांबून ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन बोलावं, साहेब. आवाजही वाचतो आणि समोरच्यालाही ऐकू येतं.”

हीच ती मीटिंग, ज्यात त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या की डबीनं उलट सांगितलं पाहिजे, पोचलं म्हणून. आज ना उद्या तशी डबी येणारच आहे. तोपर्यंत निदान आपण फिरून बघू या, कुठे पोचत नाही ते. अमदावादहून आलेल्या साहेबांनी मेहतांकडे बघून डोळा मारला. एकानं विचारलं, नवागाममध्ये पेजर वापरतं कोण, बेन? हे मात्र मला अजून सहन होत नाही. रेशमासारखं कापड घालून बसलेले हे लोक, आणि ते कापड जिथे विणलं जातं तिथे कोण राहतं हे त्यांना विचारायला लागत होतं.

पेजर वापरणारा एक जण मला माहीत होता. हिरामण. नवागामला राहणारा, माग दुरुस्त करणारा फिटर. सुरतेत मागांच्या शेडला खातं म्हणतात. अशी तीन-चार खाती घनश्यामभाई नावाच्या शेठची होती आणि त्या सगळ्यांतला माग अडला की हिरामणनं पळायचं. शेठनं स्वतःला नवीन पेजर घेतला तेव्हा जुना हिरामणला दिला. बाईंची आणि हिरामणची ओळख त्याच्या खात्यातच झाली होती. मागांच्या खडखडाटात टीटी ऐकू येणार कसं? हिरामण डबी सदऱ्याच्या आत, छातीला चिकटवून ठेवायचा आणि थरथरणारं बटण चालू ठेवायचा. बाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी ऑफिसात येऊन सगळ्यांना सांगितलं, साहेब लोकांनी दाखवायच्या ऐवजी आपल्या डब्या अशा ठेवून बघाव्यात. थरथरण्यानं सेल लवकर संपतो, तर घरी गेल्यावर ते बटण बंद करत जा, असं त्यांनी हिरामणला शिकवलं.

आणि मग मेहतासाहेबांनी ती अक्कल चालवली.

हे समजायला डबीची एक सवय समजून घ्यावी लागेल. ती बाईंनी मला फुटाणे खात खात समजावली होती. डबीत एकच बारका सेल. ती सारखी जागी राहिली तर सेल दोन दिवसांत संपेल. म्हणून ती डुलक्या काढते. मधूनमधून डोळा उघडून बघते, कुणी हाक मारतंय का, आणि नसेल तर पुन्हा झोपते. म्हणून ट्रान्समीटरनं निरोप सोडण्याआधी एक लांब सूर सोडायचा असतो. सगळ्या डब्यांना डोळा उघडायला सवड मिळेल इतका लांब. बाई त्याला हाक म्हणायच्या. बाजार गरम असेल तेव्हा निरोपामागून निरोप जातात, डब्या जाग्याच असतात. दुपारी जेवणानंतर बाजार थंड पडला की मात्र दर निरोपाला नवी हाक मारावी लागते.

गिऱ्हाइकं वाढली होती, निरोपांची रांग लागत होती, वरून डिझेलवरून बोलणी बसत होती. मेहतांनी बाईंना न विचारता अमदावादच्या माणसाकडून ती हाक आखूड करून घेतली. तेवढाच वेळ वाचला, तेवढीच वीज वाचली. नव्या, महागड्या डब्या पटकन जाग्या होणाऱ्या, त्यांना काही फरक पडला नाही. जुन्या डब्या सेल वाचवायला जास्त वेळ झोपणाऱ्या. त्यांचा डोळा उघडेपर्यंत हाक संपलेली असे आणि निरोप डोक्यावरून निघून गेलेला असे. म्हणजे शेठ लोकांना निरोप मिळत राहिले आणि शेठ लोकांनी टाकून दिलेल्या डब्या वापरणाऱ्यांना दुपारचे निरोप मिळेनासे झाले. साहेबांना शाबासकीचा फोन आला. पेढे वाटले गेले. मीही खाल्ला, कारण तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

एके दिवशी जिन्यात आवाज ऐकू आला. पहारेकरी कुणाला तरी अडवत होता. बाईंनी तो आवाज ओळखला आणि स्वतः जाऊन हिरामणला हाताला धरून आत आणलं. अंगावर धुतलेला सदरा होता, पण डोळे तांबारलेले. तो उभाच राहिला.

“बाई, माले निरोप उनाच नही. देवनी आन. मी घरमाच व्हतू. डबी आठेच व्हती, छातीले. शेठ म्हणे, मी तीनदा निरोप टाका, तू मुद्दाम उना नही.”

झालं होतं असं की दुपारी एका मागाचा दांडा अडकला. शेठनं हिरामणला निरोपांवर निरोप टाकले. तो येईना, म्हणून कारागिरानं तसाच माग रेटला. मोटर जळली, चढवलेला ताणा फुकट गेला. शेठनं आमच्या ऑफिसला फोन करून विचारलं, माझे निरोप गेले का? माझ्याच शेजारच्या मुलीनं स्क्रीनवर बघून सांगितलं, हो, गेले आहेत. तिनं शिकवलेलंच सांगितलं. शेठनं हिरामणला काढलंच, वर गल्लीत सगळ्यांना सांगितलं की हा निरोप मिळूनही बसून राहतो. मग दुसऱ्या कुठल्या खात्यात त्याला कोण उभं करणार? फिटर म्हणजे हाकेला येणारा माणूस. हाकेला न येणारा फिटर अशी ख्याती झाली की संपलं.

“मनं काम गयं ते गयं,” हिरामण म्हणाला, “पन मी खोटारडा नही ना, बाई.”

बाईंनी त्याची डबी मागून घेतली. आपला नवा पेजर आणि ती जुनी डबी शेजारी शेजारी ठेवून दुपारभर बसल्या. मी निरोप टाकत राहिले. नवा वाजे, जुनी गप्प. सकाळी बाजार चालू झाला की दोन्ही वाजत. दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्या गच्चीवरच्या खोलीत जाऊन आल्या आणि खाली आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. सरळ मेहतांच्या केबिनमध्ये शिरल्या. दार उघडंच राहिलं.

“हाक कापलीत तुम्ही?”

“बेन, धीमे बोलो.”

“टपाली दार ठोकतो ना, साहेब? तुम्ही दार ठोकणंच बंद केलंत. आणि वर सांगता, टपाल दिलं! तुमच्या डिझेलच्या चार थेंबांसाठी माणूस खोटा पडला तिकडे. आते काय सांगू तुमले!” बाई चिडल्या की त्यांची अहिराणी बाहेर पडायची, मग समोर मेहता असोत की अमदावाद.

साहेब म्हणाले, बघतो, वर विचारतो. बाई म्हणाल्या, विचारा. मी उद्या दुपारी घनश्यामभाईंच्या खात्यावर जाते आहे. त्यांच्याच टेबलावर ही डबी ठेवते, त्यांनाच निरोप टाकायला सांगते. ती वाजणार नाही हे त्यांना डोळ्यांनी बघू दे. असं सगळं त्यांनी त्या माणसाला तोंडावर सांगितलं. लपवाछपवी त्यांना जमायचीच नाही. माझ्यासारखी बाजारात वाढलेली मुलगी असती तर आधी जाऊन आली असती आणि मग बोलली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो फोन मीच घेतला. पलीकडे घनश्यामभाई. मागे माग बंद केलेले, त्यामुळे खात्यातली कुजबुज ऐकू येत होती. बघायला कारागीर जमले असणार. बाईंचा आवाज आला, “सांगा, काय निरोप टाकायचा तो.” शेठनं हिरामणचा नंबर सांगितला. “लखो, बेन. हिरामण, जल्दी आव.” मी टाइप केलं आणि फोन न ठेवता कानाला तसाच धरून बसले. बाजार थंड होता. बाईंनी वेळ बरोबर निवडली होती.

आणि टीटी वाजलं. पहिल्याच निरोपाला. माझ्या कानात, फोनमधून, स्पष्ट. माझ्या सगळ्या नोकरीत पेजर वाजल्याचा राग मला त्या एकाच वेळी आला.

मग शेठचं हसू ऐकू आलं. “जुओ बेन, आ तो तरत ज वाग्युं. हवे बोलो.” बाई म्हणाल्या, पुन्हा टाका. पुन्हा टाकला, पुन्हा वाजलं. तिसऱ्यांदाही वाजलं. शेठ म्हणाला, “मशीन खोटुं नथी बोलतुं, बेन. माणस बोले छे.” मग हिरामणचा आवाज आला, पण त्यातले शब्द मला कळले नाहीत. शेठनं फोन ठेवला.

मेहतांनी त्या दिवशी सकाळी अमदावादच्या माणसाकडून हाक पूर्ववत करून घेतली होती. कुणाला काही न सांगता. दुरुस्ती केली म्हणजे चांगलंच केलं, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. ज्या दुरुस्तीनं बिघाड झालाच नव्हता असं ठरतं आणि बिघाडाखाली सापडलेला माणूस कायमचा खोटा ठरतो, ती दुरुस्ती नव्हे. तिला काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाई परत आल्या त्या अगदी शांत होत्या. मेहतांना म्हणाल्या, “हाक लांब केलीत, बरं केलंत. आता शेठना एक फोन करा. सांगा की मधे आमचं यंत्र बिघडलं होतं.”

“तमारे तो ए ज जोईतुं हतुं ने, बेन? थई गयुं.”

“मला हे नको होतं. त्याचं नाव परत द्या.”

साहेब म्हणाले, एकाला सांगितलं तर उद्या सगळं मार्केट विचारायला येईल की आमचे कुठले निरोप गेले नाहीत. कंपनीनं असं कबूल करायचं नसतं. मग त्यांनी बाईंना चहा मागवला. बाईंनी तो घेतला नाही. इतक्या वर्षांत चहाला नाही म्हणताना मी त्यांना त्या एकदाच पाहिलं.

पुढचं मला हिरामणनं सांगितलं. बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा खात्यावर गेल्या. गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी होती, तिथे आजूबाजूच्या खात्यांचे शेठ बसत. बाई तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, चूक माझी आहे. ट्रान्समीटर माझ्या हाताखाली आहे. मी हाक आखूड केली, जुन्या पेजरचे निरोप त्यामुळे गेले नाहीत. काल सकाळी मी ते नीट केलं आणि लाज वाटली म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. हिरामण खरं बोलत होता.

खरं बोलण्यासाठी जिनं ऑफिस डोक्यावर घेतलं, ती बाई आयुष्यातलं पहिलं खोटं तिथे बोलली. आणि माणसांची गंमत बघा. खरं सांगत होती तोवर कुणी ऐकलं नाही. चूक माझी म्हटल्यावर घनश्यामभाईंनी लगेच मान डोलावली. एवढी शिकलेली बाई आपल्या तोंडानं कबूल करते म्हणजे खरंच असणार. हिरामण म्हणत होता, “मी बोलनार व्हतू बाई, तुमी नही केलं हाई. त्यासनी माले डोळानं दटाडं.” एवढं सांगून तो माझ्या टेबलाशी लहान मुलासारखा रडला.

हिरामणला काम परत मिळालं. घनश्यामभाईंनी मोठ्या फुशारकीनं मेहतांना फोन केला, तुमच्या बेनने कबूल केलं हं. त्या आठवड्यात बाईंची नोकरी गेली. कारण काय दिलं, तर कामात गंभीर हलगर्जीपणा. हाक कापणारा खुर्चीत बसून राहिला, पुढे अमदावादला वरच्या जागेवर गेला. हाक परत मागणारीला घरी बसवलं. आणि उधना बाजूला लहान ट्रान्समीटर? तो बसला की. बाई गेल्यावर वर्षभरातच बसला, मेहतांच्या नावावर. विजेचं बिल उतरलं, नवागामात निरोप पोचायला लागले, पुन्हा पेढे आले. या वेळचा पेढा मी टेबलावर तसाच ठेवला. मुंग्या लागल्या तरी उचलला नाही.

बाई आईला घेऊन अमळनेरकडे, भावाच्या गावी निघाल्या. उधना स्टेशनवर आम्ही दोघंच पोचवायला होतो, मी आणि हिरामण. तो खात्यावरून तसाच आला होता, हाताला माग-तेलाचा वास. आईला खिडकीपाशी बसवून बाई दारात उभ्या राहिल्या. पायात तेच कॅनव्हासचे बूट. बोलता बोलता त्यांचा हात सवयीनं पर्समध्ये गेला, रुमालातले पेजर चाचपायला. पेजर कंपनीचे होते, ते जमा करून घेतले होते. हात तसाच आत राहिला थोडा वेळ. मग त्यांनी फुटाण्यांची पुडी काढली आणि माझ्या हातात कोंबली.

“बाई, पोचल्याचं कळवा,” मी म्हटलं.

“हे तू मला शिकवणार?” त्या हसल्या. गाडी हलली. हिरामण डब्याबरोबर जितकं चालता येईल तितकं चालला. दारात बाईंचं पांढरं पातळ आणि वर केलेला हात, बस. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. कुठल्या तरी बूथवरून, खरखर फार.

“कल्पना, हिरामणच्या डबीवर टाक. पोचले.”

“बाई, आई कशा आहेत? तुम्ही...”

“आधी टाक गं.” आणि लाइन तुटली.

मी टाइप केलं. थोड्या वेळानं माझाच फोन वाजला. मागे मागांचा खडखडाट, म्हणजे खात्याशेजारच्या बूथवरून. अडलेला माग तसाच सोडून तो माणूस धावत बूथवर आला होता. डबीला उलट बोलता येत नव्हतं, म्हणून तिच्याऐवजी तो बोलायला आला होता.

“ताई, बाईले सांगा. निरोप उना.”

मी कुणाला सांगणार होते? बाईंनी फोन ठेवला होता आणि बूथचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी त्याच दिवशी गावाच्या पत्त्यावर कार्ड टाकलं, हिरामणला तुमचा निरोप पोचला म्हणून. ते कार्ड बाईंना मिळालं की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.